दोतोर आणि डॉक्टर

इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात लिस्बनहून आलेल्या जहाजातून एक इंग्रज गोव्यात उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आम्हां मराठी वाचकांना तो ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून ठाऊक आहे. १६१६ साली रायतूरला छापलेला हा ओवीबद्ध ग्रंथ एका इंग्रजाने मराठीत रचला, याचे कौतुक आपल्याकडे आजवर पुष्कळ झाले आहे. इथे त्याची आठवण काढायची ती त्याच्या नावासाठी. पोर्तुगीज कागदपत्रांत आणि ग्रंथांवर या स्टीफन्सचा ‘इस्तेव्हांव’ झाला. पोर्तुगीज जिभेला शब्दाच्या आरंभी नुसता ‘स्त’ चालत नाही, तिला आधी एक लहानसा स्वर लागतो. गोव्यात आलेल्या पहिल्या इंग्रजी नावाचा उच्चार असा बंदरावरच बदलला. पुढे साडेतीनशे वर्षांनी आमच्या आज्या ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ म्हणत, तेव्हा त्यांना हसणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असती तर बरे झाले असते.

आपल्या भागाचा इतिहास लिहायला बसले की देवळे, किल्ले आणि जत्रा यांवरच लेखणी चालते. पेडण्याची पुनव आणि डिचोलीचा नवा सोमवार यांवर अशा स्मरणिकांतून भरपूर लिहून झाले आहे. या वेळी आम्ही ठरवले की आमच्या लोकांच्या तोंडी इंग्रजी शब्द कोणत्या वाटेने आले आणि वाटेत त्यांचे काय झाले, ते सांगावे. विषय किरकोळ वाटेल. पण इंग्रजी शब्द बरोबर म्हणता येतो की नाही, यावर आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या नोकऱ्या, लग्ने आणि वर्गात हात वर करण्याचे धैर्य अवलंबून होते.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रांत पोर्तुगिजांकडे आले ते १७८१ ते १७८८ या काळात, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. म्हणून ते ‘नव्या काबिजादी’. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत तोवर पोर्तुगिजांना अडीचशे वर्षे होऊन गेली होती. तिथली धर्मांतरे, चर्चच्या शाळा आणि घरात पोर्तुगीज बोलण्याची रीत यांपैकी फारसे काही आमच्याकडे पोहोचले नाही. कचेरीत पोर्तुगीज, देवळात आणि तुळशीवृंदावनापाशी मराठी, आणि चुलीपाशी मालवणीच्या शेजारची आमची कोकणी, अशी तीन घरे होती. इंग्रजीला त्यांत जागा नव्हती. तिने चौथे घर मागून बांधले, तेही मुंबईहून दगड आणून.

पोर्तुगीज शब्द मात्र सर्वांच्याच घरात शिरले होते. चावी, साबण, पाव, तिजोरी, लिलाव, घमेले, तुरुंग, कोबी हे शब्द आज पुण्याचा माणूसही मराठीच मानतो. यातल्या चावीची गंमत अशी की ती आपण मूळ मालकापेक्षा जपून ठेवली. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज तिला ‘च’नेच म्हणत होता. पुढे लिस्बनकडे त्या ‘च’चा ‘श’ झाला. आज तिथला माणूस ‘शाव’ म्हणतो आणि आम्ही चारशे वर्षांपूर्वीचा ‘च’ खिशात घेऊन फिरतो. इस्पितळाचेही तसेच. पोर्तुगीज ‘हॉस्पिटल’ या शब्दातला ‘एच’ लिहितात, म्हणत नाहीत; आपण तो लिहिलाही नाही. मग इंग्रजीच्या वाटेने तोच शब्द पुन्हा आला तेव्हा त्याला ‘ह’ फुटला, आणि गावात इस्पितळही राहिले आणि हॉस्पिटलही आले. परगावची माणसे विचारीत, तुमच्याकडे दोन आहेत का?

सरकारी पोर्तुगीज शाळेत जो मुलगा ‘प्रिमेर ग्राव’पर्यंत पोहोचे, तो रोमन अक्षरे शिकलेला असे. पण ती रोमन अक्षरे तेवीसच होती. १९११ च्या लेखनसुधारणेनंतर पोर्तुगालने के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरे परक्या नावांपुरती ठेवून नेहमीच्या मुळाक्षरांतून बाहेर काढली. पेडण्याचा मुलगा पुढे इंग्रजी पुस्तक उघडी तेव्हा ही तीन अक्षरे त्याला नवी असत. ओळखीच्या तेवीस अक्षरांनीही त्याला दगाच दिला असता. पोर्तुगीजमध्ये कोणते अक्षर कुठे कसे म्हणायचे याचे नियम बऱ्यापैकी सरळ आहेत. देवनागरीत तर जे लिहिले ते म्हणायचे, हा बाळबोध करार. अशा दोन प्रामाणिक लिप्या शिकलेल्या मुलाने इंग्रजीवरही विश्वास ठेवला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

इंग्रजी शिकायची तर खरी वाट गोव्याबाहेर जात होती. बार्देशात हडफड्याला १८८७ साली सेंट जोसेफ हे इंग्रजी विद्यालय निघाले. तशी विद्यालये पुढे वाढली आणि त्यांतली मुले मुंबईच्या मॅट्रिकला बसू लागली. आमच्याकडून मात्र बार्देशात जायचे तर शापोरा नदी ओलांडायची, आणि दुसऱ्या बाजूने तेरेखोलची नदी ओलांडली की सावंतवाडी. वाडीची भाषा आमचीच आणि नातीगोतीही तिकडे. त्यामुळे पुष्कळांचे पाय वाडी, बेळगाव आणि अखेर मुंबईकडे वळले. १८७७ साली डिचोलीत जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच कोकणीचे शणै गोंयबाब, हेही मुंबईलाच गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. त्यांच्या भाषावादाशी आमचे मतभेद असतील. पण डिचोलीच्या मुलाला शब्दांचे कान किती तिखट असू शकतात याचा दाखला म्हणून त्यांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो.

मुंबईला गेलेला माणूस चवथीला घरी येई. माटोळीला बांधायच्या फळांबरोबर त्याच्या ट्रंकेतून इंग्रजी शब्दही येत. पण ते कोणाच्या तोंडचे होते ते पाहा. गिरण्या, गोद्या, पेढ्या, छापखाने, गिरगावातल्या खाणावळी या ठिकाणी ऐकलेले ते शब्द. मुंबईच्या मराठी माणसाने आधीच स्वतःच्या जिभेवर घोळवलेले. शिकलेल्या मुंबईकराचा गुरू तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, आणि ती पाठमाला वाक्य उलटवायला शिकवी, कान शिकवीत नसे. आमच्या गावात पोहोचलेले इंग्रजी असे तिसऱ्या हाताचे होते. त्यात साहेब कुठेच नव्हता.

इथेच ‘दोतोर’ आणि ‘डॉक्टर’ यांची गाठ पडली. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयातून पदवी घेतलेला तो दोतोर. मुंबईहून शिकून आलेला तो डॉक्टर. औषध एकच, पण एकाच्या नावात दोन ‘त’वर्गी व्यंजने आणि दुसऱ्याच्या नावात दोन ‘ट’वर्गी. पोर्तुगीज माणूस ‘त’ आणि ‘द’ म्हणताना जीभ दातांना टेकवतो, म्हणून त्याचे शब्द आमच्याकडे त-दनेच आले. अपवाद बटाट्याचा; त्याला आम्ही का कोण जाणे दोनदा ‘ट’ लावला. इंग्रजाची जीभ मात्र दातांच्या जरा मागे, हिरडीवर टेकते. आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मध्ये कुठे तरी. मराठी कानाला ती ‘ट’च्या जवळची वाटली, म्हणून टेबल, टाइम, डॉक्टर. वर्गात आजही कोणी मास्तर ‘ट’ म्हणणाऱ्याला गावंढळ ठरवू लागला, तर त्याला एवढेच विचारावे की बाबा, तू तरी तो हिरडीवर म्हणतोस का?

बाक आणि बँक यांचेही असेच एक जोडपे आहे. शाळेतला बाक हा पोर्तुगीज ‘बांको’ या शब्दावरून आला असे मानतात. त्यांच्या भाषेत बसायचे बाकडे आणि पैशाची पेढी या दोहोंना तोच शब्द. गोव्यात नोटा काढणारी पेढी ‘बांको नासियोनाल उल्त्रामारिनो’ होती. मुंबईची बँक तिच्याहून वेगळी ऐकू येई, कारण तिच्यात जो स्वर होता तो ना ‘आ’ ना ‘ए’. मराठी लिपीने त्या स्वरासाठी चंद्र काढला. बॅट, कॅप, बँक. तसाच हॉल, डॉक्टर, कॉट यांतला दुसरा स्वर. परक्या भाषेच्या दोन स्वरांसाठी आपल्या लिपीत कायमची खोली बांधणे ही लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत जागा दिली, पण लोकांनी ती कितीतरी आधी दिली होती. याच धोरणाने मराठीने व्हॅन आणि वॉच यांत ‘व्ह’ आणि ‘व’ असा भेदही केला. बोलताना तो आपण पाळत नाही, हे खरे.

१९५५ साली मुंबईची ही वाटही बंद झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीच्या नाक्यावर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमेवरची ये-जा जवळजवळ थांबली. मुंबईतला बाप आणि पेडण्यातली मुले यांची वर्षानुवर्षे भेट नाही, अशी घरे होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि एका रात्रीत पोर्तुगीज येणाऱ्याची किंमत उतरली, इंग्रजी येणाऱ्याची चढली. कारकून, पोस्टमन, शिक्षक, पोलीस, सगळ्या जागांना इंग्रजी. ज्यांनी आयुष्यभर पोर्तुगीज कागद रंगवले होते, त्यांना पन्नाशीत ‘टू द कलेक्टर’ लिहायला बसावे लागले. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही.

पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचेच. १९६३ च्या डिसेंबरात ते सत्तेवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या वाड्यावर कधी फळा पाहिला नव्हता तिथे मुली अ-आ-ई गिरवू लागल्या. आमच्या भागाचे हे ऋण मोठे आहे. पण चौथीनंतर काय? गोव्यातली माध्यमिक विद्यालये बहुतांशी इंग्रजी माध्यमाची होती आणि मराठी माध्यमाची जी होती ती हळूहळू मागे पडत गेली. त्यामुळे चौथीपर्यंत सगळे मराठीत शिकलेले मूल दहाव्या वर्षी पाचवीच्या वर्गात बसे आणि भूगोल, गणित, विज्ञान एकदम इंग्रजीत ऐके. पणजी आणि मडगावला १९६२ साली, म्हापशाला १९६३ साली महाविद्यालये निघाली. तिथे हीच मुले बार्देशातल्या, लहानपणापासून इंग्रजीत शिकलेल्या मुलांशेजारी बसली. प्रश्नाचे उत्तर येत असूनही न बोलणारी मुले म्हणजे बहुधा आमच्याकडची. ‘त्यांना येत नाही’ असा शिक्का बसे. येत होते, म्हणता येत नव्हते. १९९० नंतर सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांपुरते ठेवण्याचे धोरण आले, २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही देण्याचा निर्णय झाला आणि मोठे वादळ उठले. त्या वादात दोन्ही बाजूंनी भाषेच्या अस्मितेवर भाषणे झाली. पाचवीतल्या मुलाला ‘वेनस्डे’ वाचताना कोणी हसू नये म्हणून काय करायचे, यावर एकही भाषण आमच्या ऐकण्यात नाही.

त्या मुलाने स्वतःच उपाय काढला होता. पुस्तकातल्या इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने बारीक देवनागरी लिहायची. आमच्या भागातल्या जुन्या पाठ्यपुस्तकांची पाने पाहिली तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ही दुसरी ओळ दिसते. शिक्षक ती खोडायला लावीत. आमच्या मते ते चुकत होते. देवनागरी हे उच्चार टिपण्याचे उत्तम साधन आहे, फक्त तिच्यात काय मावत नाही ते सांगायला हवे होते. मावत नाही तो मुख्यतः आघात. मराठीत आपण शब्दातले सगळे अवयव जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रज एकाच अवयवावर जोर देतो आणि बाकीचे गिळतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्या अवयवावर सरकतो, ‘टो’चा ‘टॉ’ होतो आणि ‘फो’चा नुसता ‘फ’ उरतो. ‘हॉटेल’ आणि ‘पोलीस’ या रोजच्या शब्दांत जोर शेवटी. ‘व्हेजिटेबल’चे चार अवयव तीनच राहतात आणि त्यातला ‘टेबल’ हा टेबलासारखा कधीच नसतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर दुसऱ्यावर, जो आपण हमखास पहिल्यावर टाकतो. डॅनियल जोन्सचा उच्चारकोश इंग्लंडात १९१७ साली निघाला होता. त्यात जोर कुठे द्यायचा त्याची उभी रेघ छापलेली असते. तशीच रेघ मुलांना पेन्सिलीच्या ओळीत मारायला शिकवले असते तर अर्धे काम झाले असते. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले अभ्यासक आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत समजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात न समजण्याच्या मुख्य कारणांत चुकीच्या जागी पडणारा आघात होता. आमचा ‘ट’ बिचारा उगाच बदनाम.

न म्हटल्या जाणाऱ्या अक्षरांचे दुखणे वेगळे आहे, आणि ते आपले नसून इंग्रजांचे आहे. पंधराव्या शतकात कॅक्स्टनने लंडनजवळ छापखाना घातला आणि लेखन हळूहळू गोठत गेले. जीभ मात्र पुढची तीनशे वर्षे बदलतच राहिली. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी खरोखर म्हणत असत. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर कोणीच कधी म्हटला नव्हता. पंडितांनी लॅटिन शब्दाशी नाते लावून तो मागाहून घुसडला. बेटाला पोर्तुगीज शब्द ‘इल्य’, त्यात ‘एस’ नाही. तिसवाडीला पोर्तुगीज अमलात ‘इल्याश’ म्हणजे बेटेच म्हणत. सर्वांत मजा ‘कर्नल’ची. लिहायचा ‘एल’ आणि म्हणायचा ‘र’. मुंबईचा मॅट्रिक झालेला माणूस तो ‘कोलोनेल’ वाचण्याचा धोका होता. आमच्याकडे पोर्तुगीज लष्करातला हुद्दा ‘कोरोनेल’, लिहिताना आणि म्हणताना ‘र’च. या एका शब्दापुरता पेडण्याचा अडाणी शेतकरी मॅट्रिकवाल्याच्या पुढे होता. तेवढे श्रेय पोर्तुगिजांना द्यायला हरकत नाही.

डिचोलीकडे इंग्रजीची आणखी एक शाळा होती, ती खाणीवरची. १९५० नंतर लोहखनिज जपानकडे जाऊ लागले आणि शॉवेल, डंपर, कन्व्हेयर, बार्ज असे शब्द निरक्षर माणसांच्या तोंडी आले. ते कोणी पुस्तकातून घेतले नव्हते. यंत्राबरोबर ऐकले आणि म्हटले. त्यामुळे त्यांवर कोणी लाजला नाही. ‘सेसा’ हे नाव कित्येकांना गावच्या देवाचे वाटे. ते एका इटालियन नावाच्या आद्याक्षरांचे होते. पुढे पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल, मांद्रे, मोरजीला, परदेशी पाहुणे आले आणि शॅकमध्ये राबणारी आमची पोरे त्यांच्याशी धडाधड बोलू लागली. व्याकरण नावालाच, पण सूर आणि जोर अचूक, कारण तो कानाने घेतलेला. रशियन पाहुण्याचे इंग्रजी स्वतःच असे असे की समोरच्याला भीती वाटायचे कारण नव्हते. आता २०२२ च्या डिसेंबरात मोप्याला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांनी तिथल्या नोकऱ्यांसाठी अर्ज केले, आणि मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न समोर आला: बोलता येते का?

उच्चाराची ही परीक्षा फक्त आमचीच होते असे मात्र नाही. पोर्तुगिजांनी आमच्या गावांची नावे आपल्या पद्धतीने लिहिली. त्यांच्या लेखनात शब्दाच्या शेवटचा ‘एम’ हा म्हणायचा नसतो. आधीचा स्वर नाकातून सोडायचा एवढीच त्याची खूण. पेडणें, मांद्रें यांतला आपला अनुस्वार त्यांनी ‘एम’ने टिपला, आणि आपल्या ‘ड’साठी त्यांच्याजवळ ‘आर’च होता. सांखळी आणि केरी यांतल्या ‘क’साठी ‘क्यू’ वापरला. चोख काम. पण आता ती अक्षरे इंग्रजीच्या नजरेने वाचली जातात. टॅक्सीत बसणारा पाहुणा ‘मोर्जिम’, ‘सांक्वेलिम’, ‘क्वेरिम’ म्हणतो आणि चालक मुकाट्याने गाडी सुरू करतो. मुंबई-पुण्याला वाढलेली आमचीच नातवंडे चवथीला निघताना शेजाऱ्यांना सांगतात, ‘आम्ही पर्नेमला चाललो.’ मग घरी पोहोचल्यावर आजी त्यांना शिकवते, बाळा, तो एम लिहायचा असतो, म्हणायचा नसतो; नाकात सोडून द्यायचा. पेडणें.